'सैराट' : चौथ्या गाण्यानंतर

रॉक संगीताच्या चाहत्यांमध्ये एक जुनी रीत आहे. वर्षानुवर्षे वाट पाहिलेला अल्बम एकदाचा हाती आला, की तो क्रमाने ऐकायचा आणि प्रत्येक गाण्याखाली आपले मत लिहून ठेवायचे. गन्स अँड रोझेस या अमेरिकन बँडचा 'चायनीज डेमॉक्रसी' २३ नोव्हेंबर २००८ रोजी आला, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या नव्या गाण्यांचा आधीचा अल्बम निघून सतरा वर्षे झाली होती. मधल्या काळात गिटारवाले बदलले, ढोलवाले बदलले, आणि आलेली चौदा गाणी जगभरच्या चाहत्यांनी एकेक करून तपासली. आपल्या मुंबईच्या इंडस क्रीड या बँडचेही तसेच झाले. १९९५ नंतर त्यांचा पुढचा अल्बम थेट २०१२ मध्ये. अशा अल्बमविषयी लिहिताना चाहता गाण्याबरोबर स्वतःच्या प्रतीक्षेचाही हिशेब मांडत असतो. त्यामुळे ही मते बहुधा अन्यायकारक असतात, पण वाचायला मात्र चांगली असतात.

सोलापुरात शिकत असताना जेवणाचे पैसे वाचवून मी इंग्रजी कॅसेट घेत असे. त्या काळात मलाही ही सवय लागली. वह्या अजून आहेत. मात्र त्यातली सगळ्यात जास्त खाडाखोड झालेली पाने एकाही रॉक अल्बमची नाहीत. ती एप्रिल २०१६ मधली, 'सैराट'च्या चार गाण्यांची आहेत. 'सैराट'ला रॉक म्हणणे धाडसाचे होईल. पण आमच्या सोलापूर जिल्ह्यात एखाद्या अल्बमची अशी वाट पाहिली गेली, तो अल्बम हाच. आणि त्याविषयीचे माझे पहिले मत चुकले होते, हेही मला लिहायचे आहे.

ही प्रतीक्षा 'फँड्री'पासून सुरू झाली. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा तो पहिला मोठा चित्रपट १४ फेब्रुवारी २०१४ रोजी महाराष्ट्रात लागला. त्याआधी त्याचे एक गाणे सगळीकडे वाजत होते. अजय-अतुल यांनी केलेले आणि अजय गोगावले यांनी गायलेले. ते कानात घेऊन लोक चित्रपटगृहात गेले, आणि गाणे चित्रपटात नव्हतेच. ते फक्त प्रसिद्धीसाठी केले होते. चित्रपटाचे संगीत अलोकनंदा दासगुप्ता यांचे होते, अत्यंत संयमी. माझ्या शेजारचा प्रेक्षक शेवटपर्यंत गाण्याची वाट पाहत होता. त्याला मिळाला तो जब्याने भिरकावलेला दगड.

त्यामुळे मंजुळे पुढचा चित्रपट करताहेत आणि त्यात अजय-अतुल यांची खरोखरची गाणी आहेत, असे कळल्यावर दोन वर्षांपूर्वीचे देणे आता फिटणार, असेच अनेकांना वाटले. या दोघा भावांविषयी मला आणखी एका कारणाने ओढ होती. त्यांनी संगीताचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही. ऐकून, करून, चुकून ते शिकले. इळैयराजांना ते मनोमन गुरू मानतात, हे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. इळैयराजांचा मुद्दा पुढे येईल.

चित्रपट २९ एप्रिल २०१६ ला लागला. गाणी त्याआधी काही आठवडे आली. चारच गाणी, जेमतेम वीस-एकवीस मिनिटे. आमच्या दुधनीत ती कशी पोचली, ते सांगतो. हे सीमेवरचे गाव आहे. रेल्वेने निघालात तर एका बाजूला अक्कलकोट रोड आणि सोलापूर, दुसऱ्या बाजूला गाणगापूर रोड आणि कलबुर्गी. घरात कन्नड, शाळेत मराठी, बाजारात दोन्ही. मार्केट यार्डात तूर घेऊन येणाऱ्या ट्रॅक्टरांवर मोठे स्पीकर असतात. एरवी त्यांवर कन्नड गाणी जास्त. त्या एप्रिलमध्ये ती मागे पडली. घरी मराठीचा एक शब्द न बोलणारी पोरे 'याड' हा शब्द आपला असल्यासारखा म्हणू लागली.

आता क्रमाने.

पहिले, 'याड लागलं'. माझ्या वहीतली पहिली नोंद अशी : 'आवाज उत्तम. वाद्यमेळ फार जड. पोरगा खेड्यातला, वाजतेय हॉलिवूड.' त्यातला दुसरा भाग अक्षरशः खरा होता. या चित्रपटाचा वाद्यवृंद अमेरिकेत, लॉस एंजेलिसजवळ कल्व्हर सिटीतल्या सोनीच्या स्टेजवर ध्वनिमुद्रित झाला. पूर्वी हा स्टेज एमजीएम कंपनीचा होता. १९३९ च्या 'द विझर्ड ऑफ ऑझ'चे संगीत तिथलेच. जिथे जुन्या हॉलिवूडचे भव्य चित्रपट वाजले, तिथे करमाळ्याच्या शिवारातले प्रेम वाजले. भारतीय चित्रपटासाठी हे प्रथमच घडत असल्याची बातमी तेव्हा कौतुकाने छापून आली होती. मला मात्र तो खर्चाचा देखावा वाटला.

चित्रपट पाहिल्यावर ही नोंद मी खोडली. परशा मासेमारी करणाऱ्या पारधी कुटुंबातला मुलगा. त्याची धाव पडद्यावर दिसते आणि तिच्यामागे व्हायोलिनांचा लोंढा उसळतो. तेव्हा माझ्या लक्षात आले, की मराठी चित्रपटात वाद्यांचीही वाटणी ठरलेली होती. खेड्यातल्या माणसाने प्रेम केले की त्याला ढोलकी, तुणतुणे, फार तर बासरी. त्यातही तो खालच्या जातीतला असेल तर प्रेम बहुधा विनोदाच्या खात्यात जमा. व्हायोलिनांचा ताफा शहरातल्या, बंगल्यातल्या, पियानोशेजारी उभ्या असलेल्या प्रेमासाठी राखीव. हे कोणी लिहून ठेवलेले नाही, पण पन्नास वर्षांची गाणी आठवून पाहा. अजय-अतुल यांनी ही वाटणी मोडली. परशाच्या भावनेला त्यांनी सगळ्यात महागडा पोशाख घातला, आणि तो त्याला बरोबर बसला. 'जड' वाटला तो माझ्या सवयीमुळे.

इथे इळैयराजा आठवतात. तमिळनाडूतल्या पन्नैपुरम या खेड्यातून, दलित कुटुंबातून आलेला हा संगीतकार. १९७६ च्या 'अन्नक्किळी'पासून त्याने गावची चाल आणि पाश्चात्त्य स्वरमेळ एकत्र नांदवले, आणि खेड्यातल्या गोष्टीला व्हायोलिन चालते हे तमिळ कानाला कधीच पटवून दिले. आपल्याकडे ते पटायला चाळीस वर्षे जास्त लागली, असे मी म्हणेन.

आणि तो शब्द. वेडचे येड आणि येडचे याड. शब्दाच्या सुरुवातीच्या 'वे'चा 'ये' होणे आमच्याकडे रोजचेच : वेळेची येळ, वेशीची येस. शाळेत त्यासाठी आम्ही छड्या खाल्ल्या आहेत. तो 'चुकीचा' शब्द गाण्याच्या शीर्षकात, इतक्या मोठ्या वाद्यवृंदावर तोलून धरलेला ऐकताना मला जे वाटले ते वहीत उतरले नाही.

दुसरे, 'आताच बया का बावरलं'. गायिका श्रेया घोषाल. अजय-अतुल यांच्याच 'जोगवा'तल्या गाण्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला आहे, त्यामुळे अपेक्षा मोठी होती. हे गाणे मला आजही चारांत सगळ्यात कमी भावते. ते गोड आहे आणि गोडपणाच त्याची अडचण आहे. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, पोरांना दम देते. ती 'बावरते' हे मान्य, पण बावरतानाही तिचा आवाज थोडा खरबरीत असायला हवा होता. अकलूजच्या रिंकू राजगुरूचा बोलण्यातला कणखरपणा एकदा ऐकला की या गाण्यातली मुलगी दुसरीच कोणी वाटते. 'बया' हा शब्द मात्र नेमका बसला आहे. स्वतःच स्वतःला 'बया' म्हणणारी नायिका मराठी गाण्यात विरळा. माझ्या बायकोला हेच गाणे सगळ्यात जास्त आवडते. तिचे म्हणणे असे, की दिवसभर दम देणाऱ्या बाईला एकटी असताना गोड गाता येऊ नये असे कुठे लिहिले आहे? याला माझ्याकडे उत्तर नाही. तरी मत तेच आहे.

तिसरे, 'सैराट झालं जी'. अजय गोगावले आणि चिन्मयी श्रीपाद. चिन्मयी तमिळ. म्हणजे चार गाण्यांत दोन बाया गातात, एक बंगाली आणि एक तमिळ, आणि दोघी करमाळ्याच्या मुलीचे मन सांगतात. उच्चार तपासायचेच तर सापडतील चुका. सीमेवरच्या माणसाला त्याचे फार वाटत नाही. आमची मराठी पुण्याच्या कानाला नेहमीच जरा परकी लागते.

या गाण्यात माझे लक्ष दोन शब्दांवर अडकले. एक 'सैराट'. गावाकडे हा शब्द पहिल्यांदा आठवतो तो दावे तोडून सुटलेल्या जनावरासाठी. त्यात मोकळेपणा आहे आणि धोकाही. कारण सुटलेले जनावर कुणाच्या तरी शेतात शिरणार आणि काठी घेऊन कुणीतरी त्याच्या मागे धावणार, हे त्या शब्दातच आहे. दुसरा शब्द शेवटचा 'जी'. पोवाड्यात, तमाशात, गोंधळात मुख्य गायकाच्या मागे उभे असलेले साथीदार ओढतात तो हा 'जी'. तो असला की सांगणारा एक आणि दुजोरा देणारे अनेक, असे दृश्य उभे राहते. इथे दोघांच्या अगदी खासगी गोष्टीला तो 'जी' लावला आहे. जणू त्यांच्यामागे सगळा गाव उभा आहे आणि दुजोरा देतो आहे. कथेत असे काहीही नाही. गाणे त्या दोघांना गाव मिळवून देते, चित्रपट तो काढून घेतो. संगीताच्या दृष्टीने या चारांत मी हेच गाणे सगळ्यात वर ठेवतो.

चौथे, 'झिंगाट'. पहिल्यांदा ऐकून मी वहीत तीनच शब्द लिहिले होते : 'वरातीसाठी केलेले. ठीक.' ठेका बँजो पार्टीचा, आवाज दोघा भावांचे, आणि कुणालाही दोन मिनिटांत पाठ होईल अशी बांधणी. पुढे जे झाले ते सर्वांना माहीत आहे. चित्रपटगृहांत लोक खुर्च्या सोडून पडद्यासमोर नाचले, काही ठिकाणी मध्यरात्रीनंतरचे खेळ लावावे लागले, आणि शंभर कोटींच्या वर गल्ला जमवणारा 'सैराट' हा पहिला मराठी चित्रपट ठरला. मी सोलापुरात पाहिला. पॅसेंजरने गेलो, उभ्याने परतलो. आमच्या खेळालाही पोरे नाचली. माझ्या पुढच्या रांगेतल्या एक आजी बसल्या जागी टाळ्या वाजवत होत्या.

पण हे गाणे चित्रपटात कुठे येते? आर्चीच्या धाकट्या भावाच्या, प्रिन्सच्या वाढदिवसाला. पाटलांच्या वाड्यावर. परशा आणि त्याचे मित्र त्याच वाड्यासमोर नाचतात, आर्चीही नाचते, आणि त्याच रात्री ती दोघे घरच्यांच्या हाती सापडतात. तिथून पुढे मारहाण, पळापळ, हैदराबाद, झोपडपट्टी. 'झिंगाट' हे चित्रपटातले शेवटचे गाणे आहे. जवळपास तीन तासांच्या चित्रपटातली चारही गाणी पूर्वार्धातच संपतात. उत्तरार्धात पार्श्वसंगीत आहे, पण गाणे एकही नाही. आणि ज्याच्या वाढदिवसाला सगळे नाचले तोच प्रिन्स शेवटी आईने पाठवलेल्या भेटवस्तू घेऊन बहिणीच्या दारात येतो. त्यानंतर लहानगा परत येतो तेव्हा पडद्यावर रक्त आहे, त्याची पावले आहेत, त्याचे रडणे दिसते आहे, आणि आवाज नाही. कुठलाच नाही.

सोलापूरच्या त्या चित्रपटगृहात दीड तासापूर्वी नाचलेली पोरे त्या शांततेत बसली होती. कुणी शिट्टी मारली नाही, कुणी उठले नाही. दिवे लागल्यावरही क्षणभर सगळे तसेच. तेव्हा मला या अल्बमची रचना कळली. ही चार गाणी चित्रपटाची सजावट म्हणून केलेली नाहीत. नंतर जे काढून घ्यायचे आहे ते आधी भरभरून दिले आहे. हॉलिवूडचा वाद्यवृंद हवा होता तो यासाठी. आवाज एवढा मोठा नसता तर शेवटी त्याचे नसणे एवढे ऐकू आले नसते.

ही शांतता कल्पनेतली नाही, हे आमच्या भागात सांगावे लागत नाही. करमाळ्याला लागून असलेल्या जामखेड तालुक्यातल्या खर्डा गावात २८ एप्रिल २०१४ रोजी एका शाळकरी दलित मुलाला मारून टाकले गेले. वरच्या जातीतल्या मुलीशी त्याचे प्रेम असल्याचा संशय, एवढेच कारण. नोव्हेंबर २०१७ मध्ये न्यायालयातून त्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार फितूर झाले होते. त्या घटनेला दोन वर्षे पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी 'सैराट' लागला. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'शक्ती वाहिनी' खटल्यात निकाल दिला. दोन सज्ञान माणसांच्या लग्नात जात किंवा पंचायतीला आडवे येण्याचा अधिकार नाही, अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारे असावेत, असे त्यात आहे. निकाल चांगला आहे. आमच्या बाजारात किती जणांनी ऐकला आहे ते विचारू नका. 'झिंगाट' मात्र सगळ्यांनी ऐकले आहे.

गाणी मग प्रवासाला निघाली. २०१७ मध्ये कन्नडमध्ये 'मनसु मल्लिगे' आला. दिग्दर्शक एस. नारायण, नायिका पुन्हा रिंकूच, चाली अजय-अतुल यांच्याच. आमच्या गावाला हा चित्रपट दोनदा आपला होता. पण नावाकडे पाहा. मनसु म्हणजे मन, मल्लिगे म्हणजे मोगरा. दावे तोडून सुटलेल्या जनावराच्या जागी मोगऱ्याचे फूल आले. पुढच्या वर्षी हिंदीत 'धडक' आला, आणि 'याड'च्या चालीवर 'पहली बार'चे शब्द बसले. वेडाच्या जागी पहिलटकरपणा. गीतकार अमिताभ भट्टाचार्य कसबी आहेत आणि शब्द चालीत चपखल बसतात, तरीही. 'झिंगाट'चे मात्र हिंदीतही 'झिंगाट'च राहिले. झिंग कुणाला भाषांतरित करावीशी वाटली नाही. ती कुणाच्याच आड येत नाही.

याच मुद्द्यापाशी माझी वही सगळ्यात जास्त खोडलेली आहे. गेली काही वर्षे मी दुधनीत आणि आसपासच्या गावांत लग्नांच्या वरातींत कुठली गाणी वाजतात ते टिपून ठेवतो. संशोधन म्हणण्यासारखे ते नाही, एका माणसाचा छंद आहे. 'झिंगाट' न वाजलेली वरात माझ्या नोंदीत क्वचितच सापडते. आणि या वराती कुठल्या लग्नांच्या? पत्रिका पाहून, पोटजात पाहून, मामाचे कूळ पाहून ठरवलेल्या लग्नांच्या. ज्या प्रेमासाठी हे गाणे बांधले त्या प्रेमाला ज्या घरांची दारे बंद, त्याच घरांच्या दारात ते सगळ्यात मोठ्याने वाजते. मी हे टीका म्हणून लिहीत नाही. माझ्या पुतण्याच्या वरातीत मीही नाचलो आहे, पत्रिका जुळवायलाही मीच गेलो होतो.

एक प्रसंग मात्र टाळता येत नाही. चित्रपट आला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आमच्या गल्लीतली एक मुलगी दुसऱ्या जातीच्या मुलाबरोबर निघून गेली होती. मारामारी झाली नाही, पोलीस आले नाहीत, फक्त त्या घरात तिचे नाव घेणे थांबले. काही महिन्यांनी गल्लीतल्याच एका लग्नाची वरात त्या घरासमोर आली आणि डीजेने 'झिंगाट' लावले. मुलीचे वडील वरातीतच होते, फेटा बांधून, मानाच्या माणसांत. कुणीतरी पोराने त्यांचा हात धरून ओढले, "चला अण्णा, एक ठेका!" त्यांनी हात सोडवला नाही. दोन पावले टाकली. मग फेटा काढला, शेजारच्या माणसाच्या हातात दिला आणि आपल्याच घराच्या पायरीवर जाऊन बसले. गाणे संपेपर्यंत. वरात पुढे गेली, ते आले नाहीत.

मी त्यांना नंतर कधी विचारले नाही. त्यांनी चित्रपट पाहिला होता का, हेसुद्धा नाही. ती मुलगी आता कुठे आहे ते गल्लीत दोघा-तिघांना माहीत आहे, आणि तिच्या आईला ते माहीत असावे असा माझा अंदाज आहे. आपल्या बहिणीला भेटवस्तू घेऊन जाणारा भाऊ त्या घरातही आहे. त्याने एकदा मला विचारले, "काका, तुम्ही ते गाण्यांचं लिहिता ना? मग आमच्या ताईचं आवडतं गाणं कुठलं होतं सांगू?" मी म्हटले, सांग. त्याने 'सैराट झालं जी' सांगितले. मग थोडे थांबून म्हणाला, "फोनवर अजून आहे तिच्या, म्हणजे असेल."

ही चार गाणी मी आजही अधूनमधून ऐकतो, क्रमानेच. मोबाइलवर एक खोड आहे. चौथे संपले की यादी आपोआप पुन्हा पहिल्यावर येते, जणू काही झालेच नाही. ती सोय मी बंद करून ठेवली आहे. 'झिंगाट' संपते, मग खोलीत पंख्याचा आवाज ऐकू येतो, आणि कधी कधी कलबुर्गीकडे जाणाऱ्या मालगाडीचा.